मातीचें कबूतर आणि बक्षिसाची थैली

कोणत्याहि शर्यतींत जिंकणाराचें नांव लोकांच्या तोंडीं राहतें. परंतु ती शर्यत उभी राहते ती बहुधा हरणारांच्या पैशांवर. कुस्तीच्या फडांत बक्षीस लावणारा एखादा संस्थानिक अगर सावकार असे, तेव्हां मल्लाला आपल्या खिशांत हात घालावा लागत नसे. जेथें असा आश्रयदाता नाहीं, जेथें भाग घेणारांनींच वर्गणी काढून ती आपल्यांतील श्रेष्ठाच्या ओंजळींत घालावयाची आहे, तेथें मात्र एक अवघड हिशेब उत्पन्न होतो. फी जबर ठेवावी, तर थैली फुगते पण येणारे कमी होतात; फी हलकी ठेवावी, तर गर्दी होते पण बक्षीस नांवापुरतें उरतें; आणि दोन्ही साधण्याकरितां खेळाच्या सामानांत काटकसर करावी, तर खेळाचीच इभ्रत जाते. बंदुकीनें उडतें लक्ष्य फोडण्याच्या खेळाला हा हिशेब सोडविण्यांत कित्येक पिढ्या घालवाव्या लागल्या. ती हकीकत त्या खेळापुरती असली, तरी वर्गणीवर चालणाऱ्या कोणत्याहि मंडळाला तींत आपला चेहरा ओळखूं येईल.

या खेळाचा उगम इंग्लंडांत झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पश्चिमेस ईलिंग येथें ‘ओल्ड हॅट्स’ नांवाचें एक मद्यगृह होतें. तेथें जमिनींत खळगा करून त्यांत जिवंत कबूतर ठेवीत व वर एक जुनी टोपी झांकीत. नेमबाजाची खूण होतांच दोरीनें टोपी ओढली जाई, कबूतर भरारी घेई आणि बंदूक झडे. १७९३ सालच्या एका इंग्रजी क्रीडा-मासिकांत या खेळाचा उल्लेख येतो, तो चांगला रुळलेला खेळ म्हणूनच. पुढें टोपीची जागा लांकडी पेटीनें घेतली, आणि खेळहि मद्यगृहाच्या अंगणांतून उमरावांच्या हिरवळीवर गेला. लंडनचा हर्लिंगहॅम क्लब १८६९ सालीं निघाला तो मूळ याच खेळासाठीं. त्याच्या बोधचिन्हांत कबूतर आहे तें त्यामुळेंच. १८७२ सालीं माँटे कार्लो येथें तेथील जुगारगृहाच्या आश्रयानें मोठ्या बक्षिसाची शर्यत सुरू झाली, आणि पहिल्याच वर्षीं ती लॉरिलार्ड नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें जिंकली.

त्या काळचा हिशेब सोपा होता, कारण तो श्रीमंतांचा होता. प्रत्येक बाराला एक जिवंत पक्षी लागे. तो पकडावयाचा, पोसावयाचा, मैदानावर आणावयाचा, आणि क्षणांत संपवावयाचा. अशा खेळाची फी हलकी असणें शक्यच नव्हतें. १९०० सालीं पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं जिवंत कबुतरांवर ज्या शर्यती झाल्या, त्यांपैकीं एकीची प्रवेश-फी २०० फ्रँक होती आणि थैली २०,००० फ्रँकांची होती. ती शर्यत बेल्जमच्या लेऑन द लुंदेन यानें २१ पक्षी मारून जिंकली. परंतु मौजेची गोष्ट अशी कीं, आघाडीवरील चौघांनीं ती थैली आपसांत वांटून घेण्याचें ठरविलें होतें. एका पक्ष्याच्या अंतरानें एकाला सर्व आणि दुसऱ्याला कांहींच नाहीं, ही स्थिति त्या धनवंतांनाहि सोसवेना! बक्षीस जितकें एकवटलेलें, तितकी तें वांटून घेण्याची इच्छा बळावते, हा धडा पुढील सर्व इतिहासांत पुन्हां पुन्हां दिसून येतो.

अमेरिकेंत हा खेळ लवकरच पोंचला. ओहायो राज्यांतील सिनसिनाटी शहरीं १८३१ सालीं एका शिकारी क्लबांत तो खेळला जात असल्याची नोंद आहे. इंग्लंडांत कबूतर पोसावें लागे. अमेरिकेंत तें आकाशांतून फुकट मिळे. ‘पॅसेंजर पिजन’ या जातीच्या रानकबुतरांचे थवे तेथें इतके अफाट असत कीं, ते डोक्यावरून जातांना ऊन झांकोळे असें जुने लोक सांगत. जाळ्यांनीं तीं धरावीं, आगगाडीनें शहरांत आणावीं आणि शर्यतींत उडवावीं, असा एक स्वतंत्र धंदाच निर्माण झाला. १८८१ सालीं न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथें एका शिकारी संघाच्या मेळाव्यांत सुमारें २०,००० रानकबुतरें या खेळासाठीं आणण्यांत आलीं. तो संघ मासे व वन्य पशुपक्षी यांच्या रक्षणासाठीं स्थापन झालेला होता, ही त्यांतील दारुण विसंगति होय. प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध १८६६ सालीं संस्था काढणारा हेन्री बर्ग याच्या चळवळीला असल्या प्रसंगांनीं धार आली. फुकट मिळणाऱ्या लक्ष्याची खरी किंमत पुढें कळली: १ सप्टेंबर १९१४ रोजीं त्या जातीचें शेवटचें कबूतर एका पिंजऱ्यांत मेलें. तो पिंजरा सिनसिनाटीच्याच प्राणिसंग्रहालयांतला होता.

पक्ष्याच्या जागीं निर्जीव लक्ष्य आणावें, ही कल्पना त्यापूर्वींच निघाली होती. प्रथम आले कांचेचे गोळे. १८६६ च्या सुमारास बोस्टन येथें ते प्रचारांत आले. पुढें कॅप्टन अॅडम बोगार्डस या नामांकित नेमबाजानें गोळे फेंकण्याच्या यंत्रांत सुधारणा केली आणि छर्रे घसरून जाऊं नयेत म्हणून गोळ्याचा पृष्ठभाग खडबडीत केला. १८७७ सालीं त्यानें आपल्या शोधांचें पेटंट घेतलें. तथापि गोळा वर चढे आणि दगडासारखा खालीं येई. पक्ष्याच्या भरारीचा भास त्यांत नव्हता, शिवाय शेतांत कांचांचा खच पडे. ही उणीव सिनसिनाटीच्याच जॉर्ज लिगोव्स्की यानें दूर केली. मुलें पाण्यावर शिंपले भिरकावतात व ते सपाट तरंगत जातात, हें पाहून त्याला कल्पना सुचली असें सांगतात. त्यानें भाजलेल्या मातीची बशीसारखी चकती केली आणि ती गरगर फिरवीत फेंकणारें यंत्र केलें. १८८० सालीं त्याला पेटंट मिळालें. ‘मातीचें कबूतर’ हें नांव तेव्हांपासून रूढ झालें, आणि पुढें माती गेली तरी नांव राहिलें.

चांगली वस्तु आपोआप खपत नाहीं, हें लिगोव्स्कीला ठाऊक होतें. १८८३ सालीं त्यानें बोगार्डस आणि त्याचा प्रतिस्पर्धी डॉक्टर कार्व्हर यांच्यांत निरनिराळ्या शहरीं २५ सामने घडवून आणले, आणि ते सर्व मातीच्या कबुतरांवर. बहुतेक सामने कार्व्हरनें जिंकले. परंतु खरा विजय चकतीचा झाला. दोन वर्षांनीं, १८८५ सालीं, न्यू ऑर्लिन्स येथें मातीच्या कबुतरांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. ज्या खेळासाठीं पूर्वीं पक्ष्यांच्या पेट्या आणि नोकरांचा ताफा लागे, तो आतां एक यंत्र, कांहीं पेट्या चकत्या आणि एक मोकळें शेत एवढ्यावर होऊं लागला. पुढें पुढें स्पर्धांच्या कार्यक्रमपत्रिकांत एका चकतीस दोन सेंट हा दर सर्रास दिसूं लागला. गांवचा औषधविक्या, शेतकरी, रेल्वेचा कारकून यांना या खेळाचें दार उघडलें गेलें. आणि ज्या दिवशीं तें दार उघडलें, त्या दिवशींच पैशाचा तंटाहि आंत शिरला.

तो तंटा असा. त्या काळीं स्पर्धा दहा, पंधरा अगर वीस चकत्यांच्या लहान लहान फेऱ्यांत होत. प्रत्येक फेरीची फी वेगळी. तींतून चकत्यांची किंमत वजा करून उरलेली रक्कम म्हणजे थैली. थैलीचे शेंकडा ४०, ३०, २० व १० असे चार भाग करीत. सर्वांत अधिक गुण मिळविणारे पहिल्या भागाचे धनी, त्यांच्या खालचे दुसऱ्याचे, याप्रमाणें. आणि एका पायरीवर जितके असतील, तितक्यांनीं तो भाग सारखा वांटून घ्यावयाचा. ही वांटणी कागदावर न्यायाची दिसते. आतां तिचें फळ पाहावें. समजा, दहा चकत्यांची फेरी आहे, तीस नेमबाज आहेत आणि थैलींत ५० डॉलर उरले आहेत. आठ जणांनीं दहाच्या दहा चकत्या फोडल्या, पांच जणांनीं नऊ, दोघांनीं आठ, आणि एकट्यानेंच सात. पहिला भाग २० डॉलरचा. तो आठांत वांटला कीं प्रत्येकीं अडीच डॉलर. दुसरा भाग १५ डॉलरचा. पांचांना प्रत्येकीं तीन. तिसरा भाग १० डॉलरचा. दोघांना प्रत्येकीं पांच. आणि चौथा भाग, पांच डॉलर, सात चकत्या फोडणाऱ्या त्या एकट्याच्या पदरांत! ज्यानें एकहि चकती सोडली नाहीं त्याला अडीच डॉलर, आणि ज्यानें तीन चुकविल्या त्याला पांच.

असा नियम असल्यावर हुषार माणूस काय करील, हें सांगावयास नकोच. आपल्या पुढच्या लोकांचे गुण तो फळ्यावर पाही. पहिल्या पायरीवर गर्दी झाली आहे असें दिसतांच शेवटच्या एकदोन चकत्या तो मुद्दाम सोडून देई आणि विरळ पायरीवर सुखानें उतरे. आमच्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीस नूरा कुस्ती म्हणतात. तिला निदान दोन माणसें लागतात. येथें एकट्यानेंच आपल्या स्वतःशीं नूरा खेळावयाचा होता. पंचाला तो सिद्ध करतां येत नसे, कारण नेम चुकणें हा कांहीं अपराध नव्हे. यांत सर्वांत मोठी हानि झाली ती नवशिक्याची. त्याला सात चकत्या मोठ्या कष्टानें फुटत, आणि त्याच्यासाठीं म्हणून ठेवलेल्या चौथ्या भागांत एखादा मुरब्बी नेमबाज येऊन बसलेला असे. दोनचार वेळां असें झालें म्हणजे तो घरीं राही; आणि तो घरीं राहिला म्हणजे त्याची फीहि घरीं राही.

या रोगावर जे निरनिराळे उपाय निघाले, त्यांतील कल्पकता पाहण्याजोगी आहे. ‘रोझ पद्धति’ या नांवानें ओळखली जाणारी वांटणी सर्वांत गाजली. तींत पायरीला रक्कम न देतां प्रत्येक माणसाला अंश देण्यांत आले: पहिल्या पायरीवरील प्रत्येकास आठ, दुसरीस पांच, तिसरीस तीन, चौथीस दोन. सर्वांच्या अंशांची बेरीज करावयाची आणि थैली त्या बेरजेनें भागावयाची. वरचेंच उदाहरण घेतलें, तर आठ जणांचे ६४, पांच जणांचे २५, दोघांचे ६ आणि एकट्याचे २, असे ९७ अंश झाले. ५० डॉलर त्यांत वांटले म्हणजे दहा फोडणारास सुमारें ४ डॉलर १२ सेंट, नऊ फोडणारास २ डॉलर ५८ सेंट, आठवाल्यास १ डॉलर ५५ सेंट आणि सातवाल्यास १ डॉलर ३ सेंट मिळतात. पहिल्या पायरीवर कितीहि गर्दी झाली, तरी तेथील माणसाचा वांटा दुसऱ्या पायरीवरील माणसाहून कमी होऊंच शकत नाहीं. मुद्दाम चुकण्यांतला फायदा गणितानेंच नाहींसा केला. पंचाला कोणाच्या मनांत शिरण्याची गरज उरली नाहीं.

‘जॅक रॅबिट’ या गमतीच्या नांवाची दुसरी एक पद्धति याहून सौम्य होती. समजा, दहा चकत्यांची फी एक डॉलर आहे. जो जितक्या चकत्या फोडील, तितके दहा सेंट त्याला परत मिळावयाचे. चुकलेल्या चकत्यांचे जे पैसे उरतील, तेवढेच काय ते वरच्या गुणवाल्यांत वांटावयाचे. येथें नवशिका हरला तरी रिकाम्या हातानें परतत नसे. त्याला आपल्या चुकांपुरताच दंड पडे. ‘लुइस’ पद्धतीचा मार्ग आणखी निराळा. सर्वांची फेरी संपल्यावर गुणांची उतरती यादी करावयाची, तिचे सारख्या संख्येचे तीनचार गट पाडावयाचे आणि प्रत्येक गटांतील अग्रेसरास बक्षीस द्यावयाचें. गटाची रेघ कोठें पडणार हें शेवटच्या बारापर्यंत कोणालाच ठाऊक नसतें. त्यामुळें मध्यम प्रतीच्या नेमबाजालाहि आशा राहते आणि लबाडाला हिशेब करतां येत नाहीं. ही पद्धति अमेरिकेंत अद्यापि प्रचारांत आहे. उलट, ‘हाय गन’ म्हणून जी कडक पद्धति होती, तींत अनुक्रमें वरच्या नेमबाजांनाच सारे पैसे जात. कसलेल्या लोकांना ती फार प्रिय. बाकीच्यांना ती आपल्या वर्गणीनें दुसऱ्याची मेजवानी केल्यासारखी वाटे.

थैलीचा विचार असा चालला असतां लक्ष्याच्या गुणवत्तेचा प्रश्नहि तितकाच निकडीचा झाला. लिगोव्स्कीच्या भाजलेल्या मातीच्या चकत्या इतक्या टणक असत कीं, छर्रे लागून घंटेसारखा नाद निघे आणि चकती मात्र साबूत पुढें जाई. या खेळाचा नियम असा आहे कीं, चकतीचा डोळ्यांना दिसणारा तुकडा उडाला पाहिजे. नुसती धूळ उडाली तर ती चुकलीच समजावयाची. ज्यानें नेम बरोबर धरला, फी भरली, काडतूस खर्चिलें, त्याच्या पदरीं चकतीच्या दोषामुळें शून्य पडलें, तर त्याचा विश्वास कसा राहावा? म्हणून डांबराची राळ आणि चुनखडीची पूड यांची चकती निघाली. ती फेंकतांना टिके आणि छर्ऱ्यांनीं फुटे. इलिनॉयमधील पिओरिआ गांवचा प्रसिद्ध नेमबाज फ्रेड किंबल यानें अशाच मिश्रणाची चकती प्रचारांत आणली. तथापि राळ उन्हानें मऊ पडते आणि थंडीनें ठिसूळ होते. सकाळीं खेळणारास एक चकती आणि दुपारीं खेळणारास दुसरी, अशी तक्रार होण्याचा संभव राहतोच. यंत्राचा जोर ढिला पडला तर चकती आळशासारखी उडते. वारा फिरला तर ती एकदम उसळते. पांच जणांच्या तुकडीनें पांच जागांवरून पाळीपाळीनें बार टाकावे आणि प्रत्येकानें सर्व जागा घ्याव्या, ही पद्धत रूढ झाली ती या विषमतेवर उतारा म्हणून.

सोप्या चकत्या फेंकल्या तर गुण वाढतात, लोक खुष होतात. परंतु वरच्या पायरीवर बरोबरीची गर्दी होऊन थैलीचे तुकडे पडतात. कठीण चकत्या फेंकल्या तर खरा श्रेष्ठ निवडला जातो. परंतु नवीन माणूस हिरमुसतो. एका चकतीमागें एखादा सेंट वांचविला तर थैली थोडी वाढते. परंतु फुटकी, वांकडी चकती आली कीं तोच सेंट भांडणाच्या रूपानें परत येतो. थैली, फी आणि चकती या तिघी एकमेकींच्या गळ्यांत हात घालून असतात. एकीला ओढावें तर दुसऱ्या दोघी हलतात.

या ओढाताणींत चौथा पक्ष शिरला, तो कारखानदारांचा. बंदुका, काडतुसें, दारू आणि चकत्या करणारांनीं मिळून इंटरस्टेट असोसिएशन या नांवाची संस्था १८९० नंतरच्या वर्षांत स्थापिली. तिच्याच आश्रयानें ‘ग्रँड अमेरिकन हँडिकॅप’ ही स्पर्धा सुरू झाली. १८९३ सालीं लाँग आयलंडवरील डेक्स्टर पार्क येथें ती प्रथम जिवंत कबुतरांवर भरली, तेव्हां अवघे २१ नेमबाज आले होते. १९०० सालीं न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागांत, इंटरस्टेट पार्क येथें, मातीच्या चकत्यांवरील पहिली ग्रँड अमेरिकन झाली. तीत ७४ नेमबाज उतरले. ओहायोंतील डेटनचा रोला हाइक्स यानें २२ यार्डांवरून १०० पैकीं ९१ चकत्या फोडून ती जिंकली. जिवंत कबुतरांची शर्यत १९०२ सालीं कॅन्सस सिटी येथें शेवटची झाली आणि पुढें बंद पडली. इंग्लंडांत हर्लिंगहॅमनें १९०५ सालीं आपलें कबुतरांचें मैदान मिटलें, आणि १९२१ सालीं तेथें बंदिस्त पक्ष्यांवर बार टाकण्यास कायद्यानेंच मनाई झाली.

‘हँडिकॅप’ म्हणजे अंतराचा अधिभार. साध्या शर्यतींत सारे यंत्रापासून १६ यार्डांवर उभे राहतात. अधिभाराच्या शर्यतींत ज्याचा हात अधिक सराईत त्याला अधिक मागें उभें करतात. मागें गेलें म्हणजे चकतीला पळण्यास अवधि मिळतो आणि छर्रे विरळ पसरतात. नवशिक्याला व तरबेजाला एकाच थैलीसाठीं लढतां यावें, यासाठीं ही योजना होती. फी सर्वांची एकच, परंतु अंतर ज्याच्या त्याच्या गुणाप्रमाणें. म्हणजे श्रेष्ठत्वावरील हा एक प्रकारचा कर होय. तरीहि नेमबाजांचें कौशल्य करापुढें धांवत राहिलें. १९०० सालीं जेथें ९१ गुणांना विजय मिळाला, तेथें १९२६ सालीं चार्लस यंग यानें २३ यार्डांवरून १०० पैकीं १०० चकत्या फोडल्या. अंतराची कमाल मर्यादा पुढें वाढत वाढत २७ यार्डांवर गेली.

कारखानदारांचा पैसा गोड होता, पण त्याला कांटा होता. ते थैलींत भर घालीत हें खरें; परंतु आपले पगारी नेमबाजहि ते मैदानांत उतरवीत. अमुक काडतुसानें अमक्यानें इतके गुण केले, हीच त्यांची जाहिरात. ज्याला फुकट काडतुसें मिळतात, ज्याचा सराव हाच उद्योग, त्यानें गांवोगांव जाऊन औषधविक्याची व कारकुनाची फी जिंकून न्यावी, हें किती दिवस चालणार? तेव्हां धंदेवाईक नेमबाजांनीं केवळ चकत्यांची किंमत भरून खेळावें, त्यांचे गुण छापावे, पण थैलीवर त्यांचा हक्क नसावा, असा नियम हळूहळू रूढ झाला. हौशी माणसाला यामुळें वाघाच्या पिंजऱ्यांत फी भरून शिरावें लागत नव्हतें.

याच सुमारास ‘स्क्वायर’ पद्धति या नांवाची एक फार मोठ्या मनाची योजना पुढें आली. ल्यूथर स्क्वायर याच्या नांवावरून ती ओळखली जाते. प्रत्येक चकतीच्या किंमतींतून थोडी रक्कम आणि प्रत्येक नेमबाजाकडून थोडी जादा फी बाजूला काढून एक निधि करावयाचा. आणि स्पर्धेअखेर ज्या हौशी नेमबाजांची फी त्यांच्या बक्षिसाहून अधिक झाली असेल, त्यांची ती तूट त्या निधींतून भरून द्यावयाची. जो हरला त्याला बक्षीस नाहीं, परंतु त्याची थैलींत गेलेली रक्कम शक्य तों परत. खर्च झाला तो चकत्यांचा व काडतुसांचा. शिल्लक राहिलीच तर ती वरच्या गुणवाल्यांना. वरकरणीं ही दानशूरता वाटते. वस्तुतः ती उत्तम व्यवहारदृष्टि होती. आज न लुबाडलेला माणूस उद्यां पुन्हां येतो, आणि येतांना शेजाऱ्यालाहि आणतो.

तरीहि एक मूळ प्रश्न शिल्लक होता: हे नियम करावयाचे कोणीं? कारखानदारांनीं संस्था चालविली तोंवर तिची नजर काडतुसांच्या खपावर असणें स्वाभाविक होतें. हौशी नेमबाजांनीं आपला कारभार आपण करावा, या चळवळीला पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एक अनपेक्षित पुढारी लाभला. तो म्हणजे लष्करी बँडच्या कूचगीतांचा विश्रुत रचनाकार जॉन फिलिप सूझा. स्वतः तो या खेळाचा निस्सीम भक्त होता, आणि हौशी नेमबाजांच्या एका राष्ट्रीय संघटनेचें अध्यक्षपद त्यानें पतकरलें. अखेर १९२३ सालीं अमॅच्युअर ट्रॅपशूटिंग असोसिएशन ही नेमबाजांचीच संस्था कारभार पाहूं लागली. दुसऱ्याच वर्षीं, १९२४ मध्यें, ओहायोंतील व्हँडेलिया येथें तिनें आपलें कायमचें मैदान उघडलें. ग्रँड अमेरिकन त्यापुढें ऐंशीं वर्षें तेथेंच भरत आली. एकवीस नेमबाजांनीं आरंभिलेल्या शर्यतीला हजारों लोक जमूं लागले.

या संस्थेच्या अमलाखालीं जो रिवाज दृढ झाला, त्यांत जुन्या तंट्याचें बरेंचसें उत्तर सांपडतें. चकत्यांची किंमत व व्यवस्थेचा खर्च ही फी सर्वांना सक्तीची. थैलींतील वर्गणी मात्र ऐच्छिक. ज्याला केवळ खेळावयाचें आहे त्यानें चकत्यांचे पैसे भरावे आणि चषकासाठीं अगर स्वतःच्या समाधानासाठीं खेळावें. ज्याला पैजेची हौस आहे त्यानें आपल्या कुवतीच्या थैलींत आपला वांटा टाकावा. एकाच तुकडींत, खांद्याला खांदा लावून, एक जण नांवापुरत्या खर्चानें खेळतो आणि दुसरा मोठी रक्कम पणाला लावतो. चकती दोघांना सारखीच येते. खेळाची किंमत आणि पैजेची किंमत यांची फारकत झाली, तेव्हां नवशिक्याच्या मनांतील भीति गेली. ही फारकत सुचण्यापूर्वीं जवळजवळ शंभर वर्षें लोक एकाच पिशवींतून दोन्ही खर्च भागवूं पाहत होते, आणि पिशवी कोणाची यावर भांडत होते.

व्हँडेलियाचें मैदान विमानतळाच्या शेजारीं होतें. विमानतळाची वाढ होत गेली तशी खेळाला जागा अपुरी पडली, आणि २००५ सालीं तेथें शेवटची ग्रँड अमेरिकन झाली. २००६ पासून ती इलिनॉय राज्यांतील स्पार्टा येथें भरते. जागा बदलली, परंतु हिशेबाचा कागद तोच राहिला. आजहि कोणत्याहि गांवच्या क्लबाच्या बैठकींत फी किती, चकती कोणती आणि बक्षीस कोणाला, हे तीन प्रश्न एकाच वेळीं टेबलावर येतात, आणि त्यांपैकीं कोणताहि एक सुटा सोडवितां येत नाहीं.

या दीर्घ हकीकतींत विजेत्यांचीं नांवें पुष्कळ आहेत. हाइक्स, कार्व्हर, यंग. ज्यांचीं नांवें कोठेंहि नाहींत, ते आहेत प्रत्येक फेरींत सात चकत्या फोडून घरीं जाणारे शेंकडों लोक. रोझचे अंश, लुइसचे गट, स्क्वायरचा निधि, अंतराचा अधिभार, धंदेवाईकांवरील बंधन, ऐच्छिक थैली, या साऱ्या युक्त्या त्यांच्यासाठींच निघाल्या. ज्या ज्या वेळीं आयोजकांना त्यांचा विसर पडला, त्या त्या वेळीं थैली मोठी दिसली आणि मैदान ओस पडलें. ज्या ज्या वेळीं त्यांना चांगली चकती, रास्त फी आणि पुन्हां येण्यास एखादें कारण मिळालें, त्या त्या वेळीं बक्षीस लहान असूनहि खेळ वाढला. विजेत्याचा मान राखणें सोपें असतें. हरणाराचा मान राखून त्याला दुसऱ्या दिवशीं परत आणणें, यांतच कोणत्याहि मंडळाच्या चालकाचें खरें कसब आहे.